बाबांच्या ताटाचा फोटो

१२ जुलै, शनिवार

शाळेत सुट्टी टाकून सकाळच्या बसने अकोल्याला गेले आणि बाबांना डॉक्टरकडे नेलं. डॉक्टरांनी रिपोर्ट दोनदा वाचला. साखर वाढली आहे. लिव्हरवर चरबी. गुडघे तर आधीपासून बोंबलतच होते. वजन उतरवा म्हणाले, पण हळूहळू, घाई नको. साखरेची गोळी सुरू केली. दोन्ही वेळा जेवणाआधी ताटभर कच्ची भाजी खायची, काकडी, गाजर, मुळा, टमाटर, पत्ताकोबी, आणि मग भाकर-वरण. तेल आणि गोड कमी.

बाहेर आल्यावर बाबा हसायला लागले. "जलमभर भाजीबाजारात बसलो, लोकाईले काकड्या तोलून देल्ल्या. आता माळ्याच्या पोराले डाक्टर सांगून राहिला का काकडी खा."

बऱ्याच दिवसांनी हसले. मायला जाऊन या भाद्रपदात वर्ष होईल. बाजारातल्या ओट्यावर दोघं मिळून बसायचे. पहाटे हर्राशीत बोली लावून माल आणायचं काम बाबांचं, विकायचं काम मायचं. बाबांना गिऱ्हाइकाशी बोलणं कधी जमलं नाही. ती गेली आणि त्यांनी ओटा दुसऱ्याला देऊन टाकला. तेव्हापासून घरात बसून चिवडा, शेव, बेकरीचे टोस्ट. वाटलं तर खिचडी टाकतात. वजन वाढणारच.

निघताना कणीक, ज्वारीचं पीठ, तुरीची डाळ, सगळे डबे काठोकाठ भरून ठेवले. मोबाइलवर फोटो पाठवायला शिकवलं.

"ताट वाढलं का पयले फोटो पाठवाचा. मी पायते, मंग खायाचं."

"हे तं शायेसारखं झालं व आरती."

"शायाच हाय बाबा. मी मास्तरीण हावो नं."

अमरावतीपर्यंत बसमध्ये उभीच होते. निदान काहीतरी हातात घेतलं, असं वाटलं.


१४ जुलै, सोमवार

मधल्या सुट्टीत पहिला फोटो आला! स्टीलचं ताट, कडेने काकडीच्या चकत्या, मध्ये टमाटराच्या फोडी फुलासारख्या मांडलेल्या, वर कोथिंबीर, बाबांचा सांभार, चिरून टाकलेली. काकडीच्या चकत्या सगळ्या एका जाडीच्या. स्टाफरूममध्ये सगळ्यांना दाखवला. लगेच फोन केला.

"खाल्लं का?"

"आता खातो. दिसलं का सारं?"

"दिसलं. लय मस्त."

"मुया नाही भेटला आज. उद्या आनतो. प्रणाली काय म्हन्ते?"

माझ्या लेकीचं, प्रणालीचं सांगता सांगता घंटा झाली, फोन ठेवावा लागला.


२३ जुलै, बुधवार

माझ्या धाकट्या भावाने, अमोलने पुण्याहून बाबांना वजनकाटा पाठवला. कुरियरने. स्वतः दिवाळीशिवाय येणार नाही, सुट्टी मिळत नाही म्हणतो. बाबा काट्यावर उभे राहून मला फोनवर म्हणाले, "जलमभर तराजू धरला, आता मीच तराजूत." आकडा थोडा खाली आलाय. अमोलला कळवलं, त्याने टाळ्यांची चित्रं पाठवली.

इकडे सासूबाईंना लकवा झाल्यापासून त्यांची उजवी बाजू काम करत नाही. सकाळी त्यांचं आवरून, प्रणालीचा डबा भरून, शाळा गाठेपर्यंत माझा जीव अर्धा होतो. नवरा, कुंदन, दुकानातून येतो तेव्हा दमलेला असतो, तरी आईला कुशीवर वळवायला मदत करतो. त्याला काय बोलू? अकोला काही लांब नाही. पण जवळ असून जाता येत नाही.


३ ऑगस्ट, रविवार

आमच्या शाळेतल्या रागिणी मॅडमनी दोन-तीन महिन्यांत इतकं वजन उतरवलं की ओळखू येत नाहीत. रात्री फक्त सॅलड. भाकर नाही, पोळी नाही, काही नाही. त्या म्हणाल्या, वडिलांनाही तसंच करायला सांग, लवकर फरक पडेल.

संध्याकाळी बाबांना सांगितलं.

"रातची भाकर बंद करा बाबा. नुसतं सलाद खायाचं."

"वरनबी नाही?"

"वरनबी नाही."

म्हणाले, "बरं. तसंबी भाकर कोन थापते."

किती पटकन ऐकलं! मायने सांगितलं असतं तर तासभर वाद घातला असता.


१९ ऑगस्ट, मंगळवार

काल अकोल्यात कावड होती. बाबा चौकात उभे राहून बघून आले. फोनवर सांगत होते, कोणत्या मंडळाची किती मोठी होती, पोरं कशी घामाघूम झाली होती. मी एकीकडे नववीच्या वह्या तपासत होते. 'हं हं' करत होते.

आज शाळेत तपासणी. फोटो आला तेव्हा नुसता अंगठा पाठवला. थोड्या वेळाने त्यांचाच फोन.

"फोटो भेटला का?"

"भेटला नं बाबा. अंगठा नाही पायला का तुमी?"

"पायला. म्हटलं बराबर दिसला का नाही."

"दिसला. साहेब आले, ठेवते."

ठेवल्यावर थोडं वाईट वाटलं. पण कामात असताना असं करतात म्हणजे काय.

गॅसचा नंबर लावायचा का ते विचारायचं राहिलं, रात्री विचारलं. म्हणाले गरज नाही, चालून राहिला. सॅलडचा हाही एक फायदा! कुंदनला सांगितलं तर तो म्हणाला, आपल्याकडेही सुरू करू. सासूबाई पलंगावरून म्हणाल्या, "मले नाही देजो बाई ते. मी का बकरी हाव?"


१४ सप्टेंबर, रविवार

काल मायचं वर्षश्राद्ध झालं. आजच परत आले. थकले आहे पण लिहिते.

अमोलला रजा मिळाली नाही. स्वयंपाकाला बाहेरची बाई लावली होती, अंगणात मोठ्या चुलीवर सगळं झालं. कढी, वडे, भजी, खीर, बेसनाच्या पातोडीची भाजी. मायला पातोडी फार आवडायची. बाबांना मी दोन महिन्यांनी पाहिलं. दारात उभे होते. पहिल्यांदा वाटलं दुसरंच कोणी आहे. गाल आत गेलेले, सदरा खांद्यावरून उतरलेला, पायजमा नाडीने घट्ट आवळून बांधलेला.

मी म्हटलं, "बाबा! किती मस्त बारीक झाले तुमी!"

ते हसले. नातेवाईकही म्हणत होते, सहदेवभाऊ तं हिरो झाले, पोरीनं मनावर घेतलं. मला बरं वाटत होतं. फक्त हिवरखेडची आत्या त्यांना पाहून रडायला लागली. "वायला व माहा भाऊ, काडी झाला," असं म्हणत त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मी तिला समजावलं की डॉक्टरनेच सांगितलं आहे, साखर होती, हे चांगलं आहे. तिला पटलं नाही. आपल्याकडे माणूस गुटगुटीत असला तरच सुखी वाटतो.

कावळ्याचं पान ठेवलं. कावळा लवकर शिवला, सगळ्यांना हायसं वाटलं. मग पंगत बसली. बाबांच्या पानावर मी स्वतः वाढलं. त्यांनी पातोडी बाजूला केली, वडा बाजूला केला. काकडीचे चार तुकडे खाल्ले आणि पान पुढे सारलं.

"बाबा, आजच्या दिवस चालते. थोडंसं खा."

"नाही व. नियम तो नियम."

सगळ्यांसमोर मला त्यांचा अभिमान वाटला. मायच्या श्राद्धालासुद्धा जिभेवर ताबा ठेवणारा माणूस! मी तर दोन वडे जास्तच खाल्ले.

स्वयंपाकघरात जायला वेळच मिळाला नाही, माणसं इतकी होती. निघताना आत्याने माझा हात धरला आणि काही बोलायला गेली. पण बस चुकली असती.


२५ सप्टेंबर, गुरुवार

डॉक्टरांनी सांगितलेल्या वजनाच्याही खाली आले! घरच्या ग्रुपवर मी आधीचा आणि आताचा फोटो शेजारी लावून टाकला. सगळ्यांनी वाहवा केली. रागिणी मॅडम म्हणाल्या, पालकसभेत दाखवा. मी बाबांना फोन करून सांगितलं तर म्हणाले, "माहा फोटो कायले दाखवता लोकाईले." आवाज बारीक वाटला. म्हणाले झोपलो होतो. दुपारी चार वाजता बाबा कधी झोपत नाहीत. पण आता रिकामेच असतात, झोपले असतील.

एक गंमत. आज आलेला फोटो कालचाच होता. बिटाची एक चकती फुटलेली, अगदी तश्शीच. मी म्हटलं, बाबा, हा तं कालचा हाय. एकदम गडबडले. "हाव का? चुकला. माहं बोट पडलं दुसरीकडे." पाच मिनिटांत दुसरा आला. त्यात फक्त एक काकडी, चिरलेलीही नव्हती.

नवरात्राचे उपास चालू आहेत का विचारलं. म्हणाले, उपासच समज.


८ ऑक्टोबर, बुधवार

दवाखान्यात बसून लिहीत आहे. अकोला.

सकाळी दुसऱ्या तासाला मैनाबाईंचा फोन आला. बाबांच्या शेजारच्या. "आरती, तू निंघ. तुहे बाबा नळापाशी पडले." पुढचं ऐकूच आलं नाही. गोपाल ऑटोवाल्याने आणि त्यांनी मिळून बाबांना उचललं म्हणे. अंगाला घाम सुटला होता, डोळे उघडे, पण कोणाला ओळखत नव्हते. मैनाबाईंना ते मायच्या नावाने हाक मारत होते.

कुंदनने दुकान बंद करून घरी आईजवळ थांबतो म्हटलं. बस बडनेऱ्याच्या पुढे एवढी हळू चालली होती की खाली उतरून धावावंसं वाटलं. मूर्तिजापूरला चहासाठी थांबली. ड्रायव्हरला म्हटलं, भाऊ, माझे बाबा दवाखान्यात आहेत. तो म्हणाला, बाई, थांबा हाय, मी काय करू.

खरंच, त्याने काय करावं.

आता सलाइन चालू आहे. झोपले आहेत. चादरीखाली माणूस आहे असं वाटतच नाही.


९ ऑक्टोबर, गुरुवार

डॉक्टरांनी बाजूला बोलावलं. तेच डॉक्टर, जुलैतले.

साखर एकदम खाली गेली होती, म्हणाले. गोळी रोज चालू, आणि पोटात अन्न नाही. अजून थोडा उशीर झाला असता तर डोक्यावर परिणाम झाला असता.

"हे काय खात होते?"

मी मोबाइल काढला. एकामागून एक ताटं दाखवली. ते बघत गेले. माझाही अंगठा सरकत गेला आणि मलाही पहिल्यांदाच ती सगळी एका ओळीत दिसली. जुलैतलं फुलासारखं ताट. मग फूल नाही. मग सांभार नाही. मग दोन भाज्या. मग एक. तीच ताटं पुन्हा पुन्हा.

"आणि जेवण?"

मी पुन्हा तेच फोटो मागे सरकवायला लागले.

"ताई, सॅलड जेवणासोबत सांगितलं होतं. जेवणाच्या जागी नाही. भाकर कोणी बंद केली? आणि मधे एकदाही तपासायला आणलं नाही?"

मी सांगितलं की रात्रीची भाकर मी बंद केली. दुपारची मी बंद केली नव्हती. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. चष्मा पुसत म्हणाले, एकटी माणसं असंच करतात, आता काळजी घ्या.


१० ऑक्टोबर, शुक्रवार

कपडे आणायला घरी गेले. स्वयंपाकघरात गेले.

लोखंडी तवा लाल झालाय, गंज चढून. जुलैत मी काठोकाठ भरलेला ज्वारीच्या पिठाचा डबा तसाच काठोकाठ, नुसत्या अळ्या. कणकेत जाळ्या. डाळीचा डबा मी जसा दाबून बंद केला होता तसाच. फ्रिजमध्ये काकड्या, काही मऊ पडून पाणी सुटलेल्या. ओट्यावर ते एक स्टीलचं ताट धुऊन पालथं ठेवलेलं. दुसरं भांडं बाहेर नव्हतंच.

मैनाबाई दारात येऊन उभ्या राहिल्या. मी विचारलं, तुमी काहून नाही सांगतलं मले?

"मी डबा आनून देल्ला होता बाई, दोनदा. भाऊ म्हने, आरतीनं सलाद खायाले सांगतलं. मले वाटलं डाक्टरी हाय. आपन अडानी, आपन काय बोलाचं." मग त्याच म्हणाल्या, "कधीमधी काकड्या बी गायीपुढेच टाकलेल्या दिसे."

पीठ फेकून दिलं. तवा घासायला घेतला, पण बाबांचे कपडे घेऊन दवाखान्यात परतायचं होतं. तसाच ठेवला.


१२ ऑक्टोबर, रविवार

अमोलशी फोनवर भांडण झालं. तो म्हणाला, तू तं रोज फोटो पायत होती नं ताई? मी म्हटलं, तू काटा पाठवला होता नं, मग तूच का नाही पायला? पुण्याच्या रस्त्यावरचे हॉर्न ऐकू येत होते. तो रडत होता बहुतेक.


१४ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना अमरावतीला आणलं. डॉक्टरांनी गोळी अगदी कमी केली आहे. दिवसातून थोडं थोडं, पाच-सहा वेळा खायचं. सॅलड बंद नाही केलं. घ्या म्हणाले, पण वाटीभर, आणि सोबत भाकर, वरण, दही. मी गाजर-काकडीकडे बघितलं तरी अंगावर काटा येतो.

बाबा पाहुण्यासारखे खुर्चीच्या टोकावर बसतात. पोरीच्या घरी राहायचं म्हणून आधीच संकोच. आल्या आल्या म्हणाले, "लेकीच्या घरचं अन्न मोफत खाऊ नाही," आणि प्रणालीच्या हातावर नोट ठेवली. मी तोंड वळवलं.

मऊ भात, साजूक तूप, मुगाचं वरण. दोन घास. "झालं."

"बाबा, एक घास."

"झालं व."

सासूबाईंना मी भरवते, त्या तोंड उघडतात, पाहिजे ते मागून खातात. शेजारच्या खोलीत माझे बाबा, हात धड, तोंड धड. त्यांच्या हातातून घास वर जात नाही. चमचा घेऊन कोणाच्या मागे धावू?


१९ ऑक्टोबर, रविवार

सगळं करून पाहिलं. झुणका केला, कढी केली, वांग्याचं भरीत केलं, ठेचा नको म्हटलं तरी ठेचा केला. गोड बोलून पाहिलं. रागावून पाहिलं. प्रणालीला पाठवलं, तिच्या हातून एक घास घेतात, तिच्या डोक्यावर हात ठेवतात, संपलं. डॉक्टर म्हणाले मनाच्या डॉक्टरकडेही न्या. नेलं. तिथे बाबांनी "मले काही नाही झालं, भूक नाही" एवढंच सांगितलं. गोळ्या दिल्या आहेत. फरक पडायला वेळ लागतो म्हणे.

सासूबाई आज मोठ्याने म्हणाल्या, "व्याही, तुमी नाही जेवत तं माही सून बी नाही जेवत. ते पडली तं मले कोन उचलन?" बाबा उठले, ताटावर बसले, अर्धी भाकर कशीबशी गिळली. मग मोरीत जाऊन उलटी केली. मला ऐकू येऊ नये म्हणून नळ सोडला होता.

उद्या दिवाळी. अनारशाचं पीठ तसंच पडलं आहे.


२४ ऑक्टोबर, शुक्रवार

अमोल भाऊबीजेला आला. बाबांना पाहून दारातच थांबला. जेवणानंतर म्हणाला, पुण्याला चला. बाबा म्हणाले नाही. मग मी म्हटलं, इथेच राहा. तेही नाही.

"मले कोनाच्या घरी नका ठेवू. माहं घर हाय."

अमोलचा आवाज चढला. "घर हाय तं जेवत काहून नव्हते तिथं?"

मला वाटलं, नेहमीसारखं 'भूक नाही' म्हणतील. पण बाबा बोलले. इतकं सलग मी त्यांना कधी ऐकलंच नाही.

"तुही माय समोर बसे. तिची टकळी चालू राहे. कोनं किती भाव पाडला, कोनं मेथीची जुडी दहादा उचलली अन् ठेवून देल्ली, कोन्या बाईनं सांभार फुकट मांगला. मी आयकत जाव अन् जेवत जाव. किती खाल्लं ते मलेबी समजे नाही. आता ताटावर बसतो तं आवाजच नाही. घास घास समजते. चावनं समजते. गिळनं समजते. मंग नाही जात."

आत सासूबाईंचा टीव्ही चालू होता.

मी विचारलं, "मंग फोटो काहून पाठवत होते बाबा?"

"फोटो पाठवला का तुहा फोन येत होता नं."

एवढंच म्हणाले. तक्रार म्हणून नाही. विचारलं म्हणून सांगितलं.

त्यानंतर मला काही लिहिता येत नाही आहे.


२८ ऑक्टोबर, मंगळवार

बाबांना घेऊन अकोल्याला आले. दिवाळीच्या सुट्टीतले थोडे दिवस उरले आहेत. कुंदनची बहीण सासूबाईंजवळ येऊन थांबली आहे, शाळा उघडेपर्यंतच.

तवा घासला. विटकरीच्या चुऱ्याने घासून घासून काळा केला, तेल लावून तापवला. बाबा उंबऱ्यात बसून बघत होते. भाकर टाकली. समोर बसले आणि बोलायला लागले. काय बोलावं सुचेना. मायसारखं मला कुठे येतं? शाळेतलं सांगितलं, रागिणी मॅडमचं, नववीतल्या पोट्ट्यांचं, तपासणीच्या साहेबांचं. बाबा ऐकत होते. अर्धी भाकर गेली. थोडं वरण. काकडीच्या दोन फोडी सवयीने उचलल्या आणि मग माझ्याकडे पाहून खाली ठेवल्या. मी म्हटलं खा, भाकरीसोबत खा.

उलटी झाली नाही.

पण मी इथे किती दिवस बोलणार आहे?


२ नोव्हेंबर, रविवार

परत आले. निघताना मैनाबाईंना डब्याचं सांगितलं. बाबा म्हणाले, लोकाईच्या हातचं नको. मग 'बरं' म्हणाले. हे 'बरं' मला आता चांगलं माहीत झालं आहे.

फोटो पाठवू नका, असंही सांगितलं. मीच रोज फोन करीन, फोटो असो नसो. बस सुटली तेव्हा ते थांब्यावर उभे होते. हात वर केला नाही. फक्त उभे होते.


६ नोव्हेंबर, गुरुवार

रोज फोन करते. पंधरा मिनिटं, कधी अर्धा तास. सासूबाईंचं करताना कानाला फोन, भाजी निवडताना कानाला फोन.

"जेवले का?"

"हाव."

खरं असेल. खोटंही असेल. आधी फोटो तरी होता, त्यावर मी विश्वास ठेवत होते. आता तेही नाही. मैनाबाई म्हणतात डबा रिकामा परत येतो. तो गायीला जातो की पोटात, कोणाला ठाऊक.

अमोल म्हणतो घरात कॅमेरा लावू. मी नको म्हटलं. म्हातारा माणूस जेवतो की नाही ते पुण्याहून आणि अमरावतीहून बघत बसायचं! पण नको म्हणताना माझ्याजवळही दुसरं काही नव्हतं.


११ नोव्हेंबर, मंगळवार

नववीचा गणिताचा तास चालू होता. बाबांचा फोन. बाबा शाळेच्या वेळात आपणहून फोन करत नाहीत, त्यामुळे फळ्याकडे पाठ करून तशीच बाहेर पळाले. व्हरांड्यात फोन उचलला.

"आरती, वरनाले पानी किती टाकू?"

मला समजलंच नाही.

"काय?"

"तुरीची दाय घेतली कुकरात. पानी किती टाकाचं?"

"दायीच्या वर... बोटाचे दोन पेरं."

"कोनतं बोट?"

"कोनतंबी बाबा! कोनतंबी चालते."

"हयद आता टाकू का मंग?"

"आता टाका."

वर्गात पोरं गोंधळ घालत होती. मुख्याध्यापक पलीकडून बघत होते. मी फोन ठेवला आणि आत जाऊन तेच गणित पुन्हा पहिल्यापासून फळ्यावर लिहिलं.

दिवसभर फोन करायला वेळ मिळाला नाही. शाळेतून आले तर सासूबाईंना ताप, त्यांचं डोकं पुसत बसले. दिवेलागणीला लावला. ठरवलं होतं, खाल्लं का म्हणून विचारायचं नाही. विचारलं की 'हाव' येतं आणि त्या 'हाव'चं काय करावं ते मला कळत नाही.

"झालं का वरन?"

"झालं." मग जरा चिडूनच म्हणाले, "मीठ लय झालं व. मंग पानी वतलं, तं चवच गेली. भाकर काही जमली नाही, तुकडे तुकडे झाले. तुही माय कशी करे ते कधी पायलंच नाही म्या."

"उद्या मीठ कमी टाका."

"हाव."

मी ओट्याजवळ उभी होते. कुंदनने विचारलं, काय झालं, रडते का? मी म्हटलं, वरणात मीठ जास्त झालं. तो आमच्या पातेल्यात डोकावून बघायला लागला.

मीठ जास्त झालं हे न खाता कोणाला समजतं? समजत नाही. एवढं तरी मला आज नक्की माहीत आहे. उद्या कुकर लावतील की नाही, लावला तर जेवतील की नाही, ते मला इथून कळणार नाही, आणि कळलं तरी माझ्याच्याने काही होणार नाही. आज मात्र मीठ जास्त झालं होतं.